बालकाची पहिली दंततपासणी : पूर्वतयारीचे स्वरूप आणि गोंदिया जिल्ह्याचा संदर्भ

सारांश

आपल्याकडे बालकाची दंतवैद्याशी होणारी पहिली भेट बहुधा दाढ ठणकू लागल्यानंतरच घडते. वेदना, अनोळखी जागा आणि सोबतच्या मोठ्यांची धास्ती या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी वाट्याला आल्यामुळे बालकाच्या मनात दंतोपचाराविषयी भीती रुजते आणि पुढे ती उपचार टाळण्याच्या सवयीचे रूप घेऊ शकते. ही भेट वेदनेपूर्वी घडवून आणणे आणि तिच्यासाठी बालकाची, त्याहीपेक्षा घरातील मोठ्यांच्या बोलण्याची पूर्वतयारी करणे, हा यावरील सोपा व बिनखर्चाचा उपाय आहे. प्रस्तुत लेखात या पूर्वतयारीचा मानसशास्त्रीय आधार, तिचे प्रत्यक्ष स्वरूप आणि गोंदिया जिल्ह्यात ती अंगणवाडी, आश्रमशाळा व महाविद्यालय यांच्या साहाय्याने कशी करता येईल, याचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : दुधाचे दात, दंतभय, पूर्वतयारी, अंगणवाडी, बोलीभाषा.

१. प्रास्ताविक

भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव हे त्याचे आठ तालुके होत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १३,२२,५०७ इतकी होती. धानाची शेती, विड्यांचा व्यवसाय, जंगलाचा मोठा पट्टा आणि मध्यप्रदेश व छत्तीसगड या दोन राज्यांना लागून असलेली सीमा ही या जिल्ह्याची ओळख. अशा जिल्ह्यात आरोग्याचा विचार करताना कुपोषण, हिवताप, सिकलसेल हे विषय प्रथम डोळ्यांसमोर येतात आणि ते योग्यही आहे. बालकांच्या दातांचा प्रश्न मात्र ‘दुधाचे दात, पडणारच आहेत’ या एका वाक्यात निकाली काढला जातो.

वस्तुस्थिती वेगळी आहे. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य सर्वेक्षणात ५ वर्षे वयाच्या ५१.९ टक्के बालकांमध्ये दंतक्षय आढळला होता. म्हणजे पहिलीच्या वर्गात पाऊल ठेवण्यापूर्वीच निम्म्याहून अधिक मुलांचे दात किडलेले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातील सुमारे ५१ कोटी ४० लाख बालकांच्या दुधाच्या दातांना दंतक्षयाने ग्रासले आहे. रोग इतका व्यापक असताना बालक दंतवैद्याकडे उशिरा पोहोचते, आणि पोहोचते तेव्हा भेदरलेले असते. पहिल्या भेटीचा अनुभव पुढील आयुष्यातील उपचारांशी निगडित असल्यामुळे हा विषय दंतवैद्यकापुरता मर्यादित राहत नाही. शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र, गृहविज्ञान आणि समाजशास्त्र यांच्याशीही त्याचा जवळचा संबंध आहे.

२. पहिली भेट केव्हा व्हावी?

बालकाचा पहिला दात साधारणतः सहाव्या महिन्याच्या सुमारास येतो आणि अडीच ते तीन वर्षांपर्यंत दुधाचे वीसही दात पूर्ण होतात. पहिला दात आल्यापासून सहा महिन्यांच्या आत, उशिरात उशिरा पहिल्या वाढदिवसापर्यंत, दंतवैद्याची पहिली भेट व्हावी, अशी बालदंतवैद्यकाची आज सर्वमान्य शिफारस आहे. अनेक पालकांना ती अतिशयोक्त वाटते. ‘दोन दातांत काय पाहायचे?’ हा प्रश्न स्वाभाविक आहे. तथापि या भेटीत उपचाराहून अधिक महत्त्व मार्गदर्शनाला असते. तोंडात दुधाची बाटली ठेवून बाळाला झोपवू नये, साखर घातलेले दूध रात्री पाजू नये, दात दिसू लागताच ते पुसावेत व घासावेत, या गोष्टी पालकांना वेळेवर कळतात. फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट तीन वर्षांखालील बालकास तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या बालकास वाटाण्याएवढी पुरते. तांदळासाठी ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यातील मातेला हे माप वेगळे समजावून सांगण्याची गरज पडू नये.

दुधाचे दात पडणार असतात हे खरे. पण सगळे एकदम पडत नाहीत. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात, तर दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. त्या अन्न चावण्यास उपयोगी पडतात आणि कायमच्या दातांसाठी जागा राखून ठेवतात. त्यांच्या मुळाशी पू झाल्यास खाली वाढणाऱ्या कायमच्या दाताला इजा पोहोचू शकते. शिवाय दाढ दुखणारे मूल नीट जेवत नाही, रात्री झोपत नाही आणि वर्गात लक्ष देऊ शकत नाही. कुपोषणाविरुद्ध झटणाऱ्या जिल्ह्यात हा मुद्दा दुर्लक्षून चालणार नाही.

३. भीती कोठून येते?

ब्रिटिश परंपरेतील मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली रॅचमन यांनी १९७७ मध्ये भीती निर्माण होण्याचे तीन मार्ग मांडले. पहिला प्रत्यक्ष अनुभवाचा, दुसरा इतरांची भीती पाहण्याचा आणि तिसरा ऐकीव माहितीचा. दंतभयाला हे तिन्ही मार्ग तंतोतंत लागू पडतात.

पहिला मार्ग सर्वांना परिचित आहे. ज्या मुलाला सुजलेल्या गालासह प्रथमच दंतवैद्याकडे नेले जाते, हातपाय धरून ज्याची दाढ काढली जाते, त्याच्या मनात ती खुर्ची आणि ती वेदना यांची गाठ पक्की बसते. दुसरा मार्ग अधिक सूक्ष्म आहे. प्रतीक्षाकक्षात आईने मुलाचा हात घट्ट आवळला, तिचा चेहरा उतरला, तर मूल त्यातून आपला अर्थ काढते. जॉन्सन आणि बाल्डविन यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दात काढताना लहान मुलांचे वर्तन आणि मातेची चिंता यांचा परस्परसंबंध आढळून आला होता. तिसरा मार्ग तर आपल्या घराघरांत रुळलेला आहे. ‘जेवला नाहीस तर डॉक्टरांकडे नेईन’, ‘रडलास तर सुई टोचतील’ ही वाक्ये आपण सहज बोलून जातो. बागुलबुवाची जागा डॉक्टरांना दिल्यानंतर त्याच डॉक्टरांपुढे मुलाने हसतमुखाने तोंड उघडावे, ही अपेक्षा विसंगत ठरते.

यातील पहिला मार्ग बंद करण्यासाठी भेट वेदनेपूर्वी व्हावी लागते. दुसरा आणि तिसरा मार्ग बंद करणे सर्वस्वी मोठ्यांच्या हाती आहे. म्हणून बालकाची पूर्वतयारी ही प्रथम मोठ्यांची पूर्वतयारी ठरते.

४. घरात आधीपासून असलेले शहाणपण

पूर्वतयारी ही संकल्पना आपल्या कुटुंबांना अपरिचित नाही. जावळ काढताना वस्तरा पाहून बाळ घाबरते, हे जाणूनच त्याला मामाच्या मांडीवर बसवले जाते. अनोळखी अवजार, पण परिचित मांडी, अशी ही रचना आहे. बालदंतवैद्यकातील तपासणीची पद्धत याच्या अगदी जवळची आहे. तीन वर्षांखालील बालकास खुर्चीवर एकटे न निजवता पालक आणि डॉक्टर समोरासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसतात. बाळाची पाठ पालकाच्या मांडीवर आणि डोके डॉक्टरांच्या मांडीवर असते. बाळाला आईचा चेहरा सतत दिसत राहतो. ‘जावळाच्या वेळी मामाच्या मांडीवर बसला होता ना, तसेच’ एवढे सांगितले तरी आजीच्याही ध्यानात ही पद्धत येते.

दुसरे उदाहरण पडलेल्या दाताचे. दुधाचा दात पडतो तेव्हा रक्त येते, जागा रिकामी होते. तरीही मुले सहसा घाबरत नाहीत. कारण तो दात कौलावर टाकायचा असतो, नवा दात येणार असतो आणि हे सर्व थोरल्या भावंडांकडून आधीच कळलेले असते. घटनेपूर्वी तिची गोष्ट मुलापर्यंत पोहोचलेली असते. दंतवैद्याच्या भेटीची अशी गोष्ट अद्याप आपल्या घरांत तयार झालेली नाही. ती तयार करणे हेच पूर्वतयारीचे मर्म आहे.

५. शब्दांची निवड

ज्याँ पियाजे यांनी दोन ते सात वर्षांच्या वयाला पूर्वक्रियात्मक अवस्था म्हटले आहे. या वयात मूल शब्द जसाच्या तसा घेते. ‘तुझ्या दाताला कीड लागली आहे’ या वाक्याचा लाक्षणिक अर्थ मोठ्यांना कळतो. चार वर्षांच्या मुलाला मात्र तोंडात वळवळणारा किडाच दिसू शकतो. वास्तविक दातात किडा नसतो. तोंडातील जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दात झिजून खड्डा पडतो. म्हणून मुलाशी बोलताना ‘दाताला छोटा खड्डा पडला आहे, डॉक्टर तो बुजवतील’ असे म्हणणे अधिक योग्य आणि अधिक खरेही आहे.

‘काही दुखणार नाही हं’ हे आश्वासनही तपासून पाहावे लागते. ज्याच्या मनात दुखण्याचा विचारच नव्हता, त्याला तो या वाक्याने सुचतो. आणि थोडे जरी दुखले तरी आपल्याला फसवले, ही भावना उरते. त्याऐवजी काय घडणार आहे ते क्रमाने सांगावे : ‘डॉक्टरांकडे मोठी खुर्ची आहे, ती वरखाली होते. ते छोट्या आरशाने तुझे दात पाहतील आणि मोजतील.’ मुलाने स्वतःहून ‘दुखेल का?’ असे विचारले तर उत्तर टाळू नये. ‘आधी ते फक्त पाहतील. आणखी काही करायचे असेल तर तुला सांगून करतील’ असे म्हणावे आणि हे वचन दिल्याची कल्पना डॉक्टरांनाही द्यावी. सुई, उपटणे, कापणे या शब्दांचा उच्चार घरातून करू नये. त्यांची वेळ आलीच, तर ते कसे समजावायचे हे दंतवैद्याला त्याच्या प्रशिक्षणातून ठाऊक असते.

किती आधी सांगावे, हेही वयावर अवलंबून आहे. तीन वर्षांखालील बालकास त्याच दिवशी सकाळी सांगणे पुरेसे असते. चार-पाच वर्षांच्या मुलाला एक-दोन दिवस आधी सांगावे, म्हणजे त्याला प्रश्न विचारायला वेळ मिळतो. आठवडाभर रोज तोच विषय काढल्यास साध्या गोष्टीला उगाच मोठे रूप येते.

६. खेळातून सराव

या वयात ऐकण्यापेक्षा खेळण्यातून अधिक शिकले जाते. त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. एक लहान आरसा, एक चमचा, एक टॉर्च आणि एक बाहुली पुरेशी आहे. प्रथम मुलाने डॉक्टर व्हावे व बाहुलीचे दात मोजावेत; मग आईबाबांचे मोजावेत; शेवटी आईने डॉक्टर होऊन मुलाचे दात मोजावेत. दहा अंक मोजेपर्यंत तोंड उघडे ठेवणे, मांडीवर डोके ठेवून वर पाहणे, डोळ्यांवर उजेड पडल्यास डोळे मिटणे या लहान लहान कृती अशा खेळात सहज अंगवळणी पडतात.

दंतवैद्यही याच तत्त्वावर काम करतो. अ‍ॅडलस्टन यांनी १९५९ मध्ये मांडलेली ‘सांगा, दाखवा, करा’ ही पद्धत आजही बालदंतवैद्यकाचा पाया मानली जाते. हवेचा फवारा आधी शब्दांत सांगायचा, मग मुलाच्या हातावर सोडून दाखवायचा आणि त्यानंतरच दातावर वापरायचा. घरी खेळातून झालेला सराव म्हणजे याच पद्धतीच्या पहिल्या पायऱ्या होत.

थोरल्या भावंडाची नियमित तपासणी असेल तर धाकट्याला सोबत नेणे लाभदायक ठरते. दुसरे मूल शांतपणे तपासून घेत असल्याची चित्रफीत आधी दाखवल्यास मुलांची भीती कमी होते, असे बार्बरा मेलामेड व सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये दाखवून दिले होते. मात्र त्या दिवशी थोरल्याची दाढ काढायची असेल, तर धाकट्याला घरीच ठेवणे शहाणपणाचे.

७. भेटीचा दिवस

शक्यतो सकाळची वेळ घ्यावी. मूल झोपेतून ताजेतवाने असावे आणि त्याने हलके खाल्लेले असावे. तालुक्याच्या आठवडी बाजाराला जोडून ही भेट घेणे अनेक कुटुंबांना सोयीचे वाटते. तथापि बाजार आधी आणि डॉक्टर नंतर असा क्रम ठेवल्यास उन्हात दमलेले, भुकेले मूल खुर्चीवर बसते. क्रम उलटा ठेवावा. मुलाची आवडती वस्तू सोबत असू द्यावी. खोलीत एकाच व्यक्तीने बोलावे आणि ती व्यक्ती डॉक्टर असावी. आई, वडील व आजी यांनी एकाच वेळी सूचना दिल्यास मूल गोंधळते.

पालकांनी आत थांबावे की बाहेर, हा प्रश्न जुना आहे. फ्रँकल व सहकाऱ्यांच्या १९६२ च्या अभ्यासात सुमारे साडेतीन ते चार वर्षांच्या मुलांना मातेच्या उपस्थितीचा लाभ होतो, असे दिसले होते. याच अभ्यासाशी निगडित असलेली चार श्रेणींची वर्तन-मोजपट्टी आजही वापरली जाते. पूर्ण नकार, नकार, सहकार्य आणि पूर्ण सहकार्य या त्या चार श्रेणी. पालकांनी यातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. मूल पहिल्या भेटीत नकाराच्या श्रेणीत असले, तरी पुढील भेटीत ते वर सरकू शकते. तीन वर्षांखालील बालकाचे रडणे वयाला धरूनच असते. ‘शेजारचा मुलगा बघ, तो रडला का?’ अशी तुलना करू नये. मुलाने तोंड उघडले, आरसा आत जाऊ दिला, एवढ्या कृतीचे नेमके कौतुक करावे. ‘रडला नाहीस तर चॉकलेट देईन’ हे आमिष दोन कारणांनी टाळावे : काहीतरी भयंकर घडणार आहे, असे त्यातून सूचित होते आणि बक्षीसही दातांना मारक असते.

८. दुखणे घेऊनच जावे लागले तर

सर्व कुटुंबांना ही आदर्श स्थिती लाभणार नाही. धानाच्या रोवणीच्या दिवसांत मजुरी बुडवून मुलाला तपासणीसाठी नेणे हे अनेक घरांच्या आवाक्याबाहेरचे आहे. अशा वेळी पालकांना दोष देण्यात अर्थ नाही. दुखरा दात घेऊनच मूल प्रथम जाणार असेल, तर ‘याची ही पहिलीच वेळ आहे’ हे डॉक्टरांना आरंभीच सांगावे. मुलालाही खरे सांगावे : ‘तुझी दाढ दुखते आहे, ते दुखणे थांबवायला आपण चाललो आहोत.’ गालावर सूज आणि ताप असल्यास तयारीत वेळ न दवडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. लवंगेने थोडा वेळ बरे वाटले तरी मुळाशी असलेला आजार तसाच राहतो. दुखऱ्या दाढेत तंबाखू दाबण्याचा घरगुती उपाय तर बालकासाठी घातकच आहे. उपचार पार पडल्यावर काही आठवड्यांनी केवळ दात मोजण्यासाठी एक वेदनारहित भेट घडवून आणावी, म्हणजे खुर्ची आणि वेदना यांची बसलेली गाठ सैल होण्यास मदत होते.

९. गोंदिया जिल्ह्याचा संदर्भ

जिल्ह्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१६ मध्ये सुरू झाले. १९६८ मध्ये स्थापन झालेले शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय नागपूरला, रेल्वेमार्गाने सुमारे १३० किलोमीटरवर आहे. सालेकसा किंवा देवरी तालुक्यातील दुर्गम गावातून तेथे पोहोचणे म्हणजे एक पूर्ण दिवस आणि बुडालेली मजुरी. त्यामुळे पूर्वतयारीचा आरंभ गावातच व्हावा लागेल. त्यासाठी तीन जागा उपलब्ध आहेत.

(अ) अंगणवाडी : राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशातील प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. या कार्यक्रमात फिरत्या आरोग्य पथकाने अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी करावी, अशी योजना आहे. तपासावयाच्या आजारांच्या यादीत दंतक्षयाचा समावेश आहे. म्हणजे आपल्या खेड्यातील बालकाचे तोंड आरोग्यसेवेतील व्यक्तीसमोर प्रथम उघडले जाते ते दवाखान्यात नव्हे, अंगणवाडीत. परिचित जागा, परिचित सेविका, सवंगड्यांची सोबत आणि वेदनेचा अभाव या सर्व अनुकूल गोष्टी तेथे एकत्र येतात. पथक येण्याच्या आदल्या दिवशी सेविकेने आरसा-चमच्याचा खेळ घेतला, तर दुसऱ्या दिवशीची तपासणी हीच बालकाची सुखद ‘पहिली भेट’ ठरू शकते.

(आ) आश्रमशाळा : आदिवासी भागातील अनेक मुले पहिलीपासून आश्रमशाळेत राहतात. त्यांच्यासोबत दवाखान्यात आईवडील नसतात. अधीक्षक, अधीक्षिका किंवा शिक्षक असतात. पालकांसाठी वर सांगितलेली प्रत्येक गोष्ट या व्यक्तींना अधिकच लागू होते, कारण घरापासून दूर असलेल्या मुलाला मांडीचा आधार सहजी मिळत नाही. निदान ओळखीची आणि मुलाला आवडणारी व्यक्ती सोबत पाठवण्याची दक्षता घेता येईल.

(इ) बोली : जिल्ह्यात मराठी आणि हिंदीसोबत पोवारी, गोंडी, छत्तीसगढी या बोली व भाषा घरांत बोलल्या जातात. ‘तोंड उघड’, ‘थांब’, ‘दुखतं का?’ एवढे तीन-चार शब्द मुलाच्या घरच्या बोलीत कानी पडले तरी त्याचा ताण हलका होतो. पालकांनी किंवा सेविकेने ते शब्द डॉक्टरांना आधी सांगून ठेवावेत. तसेच मुलाला त्रास झाल्यास हात वर करण्याची खूण ठरवून ठेवावी. खुणेला बोलीची अडचण येत नाही.

१०. महाविद्यालयांची भूमिका

वरील कार्यात ग्रामीण महाविद्यालयांना निश्चित वाटा उचलता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या निवासी शिबिरात दत्तक गावातील अंगणवाडीत ‘दात मोजण्याचा खेळ’ घेणे विद्यार्थ्यांना सहज शक्य आहे. गृहविज्ञान व मानसशास्त्र विभागांना बालविकासाचे प्रात्यक्षिक म्हणून, तर भाषा विभागांना बोलीतील शरीरविषयक शब्दांचे संकलन म्हणून हा उपक्रम हाती घेता येईल. आपले विद्यार्थी हेच उद्याचे पालक आणि शिक्षक आहेत. त्यांच्या तोंडची ‘डॉक्टर सुई टोचतील’ ही धमकी थांबली, तरी एका पिढीचे मोठे काम होईल.

११. समारोप

दंतभय बालपणातच संपत नाही, हा या विषयाचा सर्वांत गंभीर पैलू होय. खुर्चीला घाबरलेले मूल मोठेपणीही दंतवैद्याला टाळण्याची शक्यता असते. पूर्व विदर्भात खर्रा आणि तंबाखूचे व्यसन मोठ्या प्रमाणावर आढळते. तोंड पूर्ण न उघडणे, गालाच्या आत पांढरा चट्टा दिसणे ही धोक्याची लक्षणे वेळीच ओळखायची, तर माणसाने दंतवैद्यापुढे निःसंकोच तोंड उघडले पाहिजे. तीन वर्षांच्या बालकाला मांडीवर घेऊन आरशाने त्याचे दात मोजणे हा वरवर खेळ वाटतो; पण प्रौढपणी वेळेवर तपासणीला जाण्याची सवय याच खेळातून घडू शकते. त्यासाठी विशेष निधी लागत नाही. भेट वेदनेपूर्वी व्हावी, मुलाशी खरे आणि साधे बोलावे, डॉक्टरांचा धाक दाखवू नये, या तीन गोष्टी घराघरांत, अंगणवाड्यांत आणि आश्रमशाळांत रुजल्या, तर या जिल्ह्यातील पुढील पिढी दंतवैद्याकडे दुखण्याआधी जाऊ लागेल.